लाट धरायची, पण आधी पाणी ओळखायचं

चिखली तालुक्यातल्या एका वस्तीतली दोन मुलं दोन वर्षांपासून गोव्यात हॉटेलात कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी ती समुद्रावर सर्फिंग शिकतात, म्हणजे लांब फळीवर पालथं पडून लाटेबरोबर यायचं आणि जमलं तर तिच्यावर उभं राहायचं. त्यांनी या पानासाठी प्रश्न पाठवला आहे : "सिस्टर, जयभीम. फेसाच्या लाटेवर आम्ही उभे राहतो. पण आतली, न फुटलेली लाट आली की एक तर ती आमच्या खालून निघून जाते, नाहीतर बोर्डाचं तोंड पाण्यात घुसतं आणि आम्ही डोक्यावर पडतो. खांदे भरून येतात. घरी आई म्हणते, पाण्याच्या नादी लागू नको. काय करावं?"

बुलढाण्याचा आणि सर्फिंगचा काय संबंध, असं काहींना वाटेल. इथून समुद्र रस्त्याने ४०० किलोमीटरहून लांब. पण दर ६ डिसेंबरला मलकापूर, नांदुरा, शेगाव स्टेशनांवरून आपली माणसं दादरला जातात आणि चैत्यभूमीला वंदन करून वळली की समोर समुद्रच असतो. लेकरं पाण्याकडे धावतात, आया काठावरून ओरडतात. दुसरं म्हणजे, बोर्डावरचा पोरगा आणि आपल्या गावच्या शेततळ्यात उतरलेला पोरगा यांना वाचवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पाण्याची ओळख. म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. बोर्डाची माहिती आम्ही मोरजीला शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाकडून घेतली, शरीराची आमच्या नर्सिंगमधली आहे.

आधी आईच्या भीतीबद्दल. ही भीती आईच्या एकटीच्या स्वभावातून आलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. दुसऱ्याने वरून ओतलं तर ओंजळीत पाणी मिळायचं. ज्या विहिरीला हात लावायचा नाही, तिच्यात उडी मारून पोहायला शिकणार कोण? सवर्णांची पोरं पाठीला भोपळा बांधून शिकली, आपली काठावरही गेली नाहीत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच दिवशी सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. पाणी प्यायचा हक्क मिळाला, पण पाण्यात उतरायची सवय कोर्टाच्या निकालाने येत नाही. ती आपणच लावून घ्यायची आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचंही असंच झालं. तरणतलाव आणि समुद्रकिनारे गोऱ्यांसाठी राखीव होते. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावात १९६० मध्ये काळी माणसं ठरवून समुद्रात उतरली, तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली. वाचताना महाडच आठवतं. कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या किनाऱ्याचा एक तुकडा काळ्यांच्या वाट्याला आला होता. त्याला गोरे लोक हिणवून 'शाईची दौत' म्हणत. तिथे निक गॅबाल्डन हा तरुण सर्फिंग शिकला. चांगल्या लाटा मालिबूला होत्या. तिथे पोहोचायला तो बोर्डावर पालथा पडून हातांनी पाणी मारत १२ मैल जायचा, असं सांगितलं जातं. १९५१ च्या जूनमध्ये एका मोठ्या लाटेवर असताना मालिबूच्या धक्क्याच्या खांबाला आपटून तो गेला, वय अवघं २४. आज कॅलिफोर्नियातले काळे सर्फर त्याला आपला पूर्वज मानतात. बंदीचा परिणाम मात्र अजून संपलेला नाही. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या आकडेवारीत १० ते १४ वयाच्या काळ्या मुलांचं तरणतलावात बुडण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या साडेसात पटीहून जास्त निघालं. आपल्याकडे २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र अगदी वरच्या रांगेत आहे. त्यात कोणत्या वस्तीतले किती, हे कोणी मोजत नाही. आमच्या मते ते मोजायला हवं.

म्हणून मुलांनो, पहिला प्रश्न आम्हीच तुम्हाला विचारतो : बोर्ड हातातून सुटला तर तुम्हाला पोहता येतं का? पायाला बोर्डाचा पट्टा आहे, असं उत्तर देऊ नका. पट्टा तुटतो. हिरव्या लाटेच्या मागे जाण्याआधी न थांबता १०० मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाय न टेकता पाठीवर पाच मिनिटं निवांत तरंगता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर फेसातच राहा, घाई नाही. तरंगणं आधी शिका. डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर, छातीत हवा. छातीत हवा भरलेला माणूस सहसा तळाला जात नाही. त्याला बुडवते ती धडपड. हात वर करून ओरडलं की तेवढं वजन पाण्याबाहेर जातं आणि तोंड पाण्याखाली.

गावातल्या घरच्यांसाठीही इथेच सांगतो. पोहायला शिकायचं ते कमरेएवढ्या पाण्यात, पोहणारं मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना. पाठीला घट्ट झाकणाचा रिकामा डबा बांधा. धरणाच्या पाण्यात शिकू नका. देऊळगाव मही जवळच्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. चोखोबांचा जन्म याच तालुक्यातल्या मेहुणा राजाचा मानतात. ज्यांना देवळाच्या पायरीच्या वर येऊ दिलं नाही त्यांचं नाव एवढ्या पाण्याला मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण तिथला तळ कुठे एकदम खोल जाईल ते वरून दिसत नाही. आणि सगळ्यात फसवं आहे ते पन्नी टाकलेलं शेततळं. वरून शांत, चौकोनी, हौदासारखं दिसतं. पण पन्नीवर शेवाळ धरतं आणि उतारावरून वर येताच येत नाही. चांगला पोहणाराही तिथे दमून बुडतो. ज्यांच्या मळ्यात शेततळं आहे त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडावा, काठाला जुनी ट्यूब टांगावी, कुंपण करावं. खर्च थोडा येतो.

आता तब्येत. हा भाग नीट वाचा, कारण बोर्ड भाड्याने देणारा हे विचारेलच असं नाही.

विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल बऱ्यापैकी आहे. तुमची तपासणी झाली आहे का? झाली नसेल तर गावी याल तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते, पैसे लागत नाहीत. अहवालात 'एसएस' म्हणजे आजार. अशा माणसाला थंड पाणी, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक, या तिन्हींमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि सर्फिंगमध्ये तिन्ही एकत्र येतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. 'एएस' म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, तो खेळू शकतो. फक्त उन्हात, तहानलेल्या पोटी, थांबा न घेता जीव तोडून श्रम करू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर येऊन पाणी प्यावं, आणि पायात गोळे येऊन एकदम गळाल्यासारखं वाटलं तर तो दिवस तिथेच संपवावा. मुलींनी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं. १२ च्या खाली असेल तर लवकर धाप लागते. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. मिरगीचा आजार असलेल्याने पाण्यात एकट्याने कधीच उतरू नये. कान वाहत असेल तर कान बरा होईपर्यंत समुद्र बंद.

खांदे भरून येतात, ते ठीक आहे. पालथं पडून हात मारायला जे स्नायू लागतात ते ताटं उचलून तयार होत नाहीत. महिनाभरात कमी होईल. पण रात्री खांद्याच्या दुखण्याने झोप मोडत असेल किंवा हात डोक्याच्या वर जात नसेल, तर दोन आठवडे विश्रांती घ्या. एक दुर्मिळ पण गंभीर गोष्ट नवशिक्यांना होते : बराच वेळ पालथं पडून छाती उचलून धरली की कधीकधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी पडतो. पाठीत एकाएकी कळ येते, मग पाय बधिर किंवा लुळे वाटतात, लघवी अडते. असं झालं तर 'चमक भरली' म्हणून चोळत बसू नका. त्याच मिनिटाला बाहेर या आणि हॉस्पिटल गाठा. लाटांची वाट पाहताना पालथं न राहता बोर्डावर उठून बसलं की पाठीला आराम मिळतो.

आता तुमची लाट.

गव्हाच्या उभ्या शेतावरून वारा गेला की लहर पुढे पळते, पण ओंब्या जागच्या जागी डोलतात. समुद्रात तसंच असतं. दूर कुठेतरी वाऱ्याने उठवलेली लहर येते, पाणी मात्र जागेवर गोल फिरतं. काठाजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा पाय जमिनीला अडखळतो, डोकं पुढे निघतं आणि लाट फुटते. लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोली उरली की हे होतं. म्हणजे तीन फुटांची लाट चारेक फूट पाण्यात फुटेल. फुटल्यावर मात्र पाणी खरोखरच पुढे धावतं, म्हणून फेस तुम्हाला मागून ढकलतो आणि काही न करता बोर्ड चालू होतो. न फुटलेली हिरवी लाट ढकलत नाही. ती फक्त उतार तयार करते. त्या उतारावर घसरायला लागायचं तर लाट पोहोचायच्या आत तुमच्या बोर्डाला स्वतःचा वेग हवा. चालत्या एस.टी.त चढणारा माणूस जागेवर उभा राहून दांडा धरत नाही, चार पावलं बरोबर पळतो. इथे पळायचं ते हातांनी.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी दोन्हींचं मूळ बहुतेक एकच आहे : तुम्ही बोर्डावर कुठे पडता आणि समुद्रात कुठे उभे असता. लाट खालून निघून जाते, याचा अर्थ तुम्ही फार आत आहात जिथे लाट अजून उभीच राहिलेली नाही, किंवा हात उशिरा सुरू केले, किंवा बोर्डावर फार मागे पडला आहात. मागे पडलं की बोर्डाचं नाक आकाशाकडे जातं आणि शेपूट पाण्यात ओढलं जातं. तोंड खाली घुसतं, याचा अर्थ तुम्ही फार पुढे पडला आहात, किंवा लाट फुटायच्या बेतात असताना तिच्या अगदी पायथ्याशी आहात. शांत पाण्यात बोर्डावर पडून पाहा. नाक पाण्यापासून दोन-तीन इंच वर राहिलं पाहिजे. ती जागा सापडली की छातीखाली बोर्डावर मेणाची खूण करा आणि दरवेळी तिथेच पडा.

हात मारताना एकामागून एक मारायचे. हात पुढे लांब टाकून कोपर वाकवत खोलातून कमरेपर्यंत ओढायचा. वरवर फटफट केल्याने आवाजच होतो. अंग डावी-उजवीकडे डोलू द्यायचं नाही, पाय जुळलेले ठेवायचे. बोर्ड आठ-नऊ फुटांचा, फोमचा घ्या. बारीक, टोकदार बोर्डाची हौस नंतर करा. त्याच्यावर नवशिक्याला वेगच मिळत नाही.

आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच करू नका. बसा आणि पाहा. लाटा एकेकट्या येत नाहीत, तीन-चार-पाचच्या झुंडीने येतात आणि मध्ये समुद्र निवतो. लाट कुठे आधी उंच होते, कुठल्या बाजूला हळू फुटत जाते, ते बघा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम कोसळणारी लाट सोडून द्या. एका टोकाला फुटत आणि दुसरीकडे हिरवी राहत जाणारी लाट तुमची. कमरेएवढी पुरे.

लाट चार-पाच बोर्डांच्या अंतरावर असतानाच काठाकडे तोंड करा आणि हात सुरू करा. आधी सावकाश, लांब. खांद्यावरून एकदा मागे पाहा, मग पुढे. लाट जवळ आली की जोर वाढवा. बोर्डाचं शेपूट उचललं जातंय असं जाणवेल. नवशिके नेमके इथे थांबतात. त्यांना वाटतं लाट मिळाली, आणि ती खालून निसटते. तिथेच आणखी तीन जोरदार हात मारायचे, हनुवटी खाली आणून वजन किंचित पुढे द्यायचं. बोर्ड आपसूक घसरायला लागला, हाताला पाणी हलकं वाटलं, की लाट धरली. मग तळवे छातीच्या बाजूला बोर्डावर टेकून एका झटक्यात उभं राहायचं, नजर पुढे. पहिले काही दिवस उभे राहूच नका. पडल्या पडल्या दहा-वीस हिरव्या लाटा धरा, म्हणजे ती घसरण अंगात बसेल. उभं राहण्याचा सराव खोलीत सतरंजीवर रोज वीस वेळा करता येतो.

पडायचं ते बाजूला, पसरून, पाठीवर किंवा कुशीवर. डोक्यावर पडू नका. खाली चारच फूट पाणी आणि मग वाळू असते, मान तिथेच मोडते. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा, कारण बोर्डही परत येत असतो. आत जाताना बोर्ड लाट आणि तुमची छाती यांच्यामध्ये धरू नका, बाजूला धरा. लाटेवर आधीच कोणी असेल, तर ती लाट त्याची.

काही ठिकाणी काठावर आलेलं पाणी एका पट्ट्यातून जोरात परत आत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, फेस आत वाहताना दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच 'शांत जागा' म्हणून उतरतो. ही ओढ खाली खेचत नाही, फक्त आत नेते. तिच्याविरुद्ध काठाकडे पोहलात तर दमून बुडाल. तरंगत राहा, एक हात वर करून मदत मागा, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा आणि जिथे लाटा फुटतात तिथून काठाला या. बोर्ड असेल तर तो सोडायचा नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर उतरू नका. जून ते सप्टेंबर समुद्र आपला नाही. दारू प्यायल्यावर तर कुठल्याच महिन्यात नाही. आणि ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांनी लेकरांचा हात धरूनच पाण्याशी जावं, तेही घोट्यापर्यंत. भरती चढायला लागली की काठ पाहता पाहता मागे सरकतो आणि गर्दीत चुकलेलं मूल लवकर सापडत नाही.

कोणी बुडत असेल तर आत उडी मारू नका. साडी, दोर, रिकामा डबा, बोर्ड, जे हाती येईल ते फेका. नोकरीच्या काळात आम्ही कॅज्युअल्टीत एक मुलगा आलेला पाहिला. शेततळ्यातून काढल्यावर लोकांनी त्याला उलटा धरून गोल फिरवलं होतं, पोट दाबलं होतं. पाणी निघालं, पण श्वास द्यायची मिनिटं त्यातच गेली. तो वाचला नाही. म्हणून लिहून ठेवा. माणूस बाहेर काढला की उताणा, सपाट जमिनीवर झोपवा. हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा. डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळव्याने ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. मुलांची छाती जाडीच्या एक तृतीयांश. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने हात लावायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या आणि सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवा. फुप्फुसात गेलेलं पाणी उशिराही त्रास देतं.

याच मुलांबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनेही विचारलं आहे, पाळीत समुद्रात उतरलं तर चालतं का. चालतं. पॅड पाण्यात फुगतं, म्हणून कप किंवा टॅम्पॉन वापरावं. पोट फार दुखत असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी. कपडे अंगाबरोबर बसणारे घालावेत. ओढणी आणि सैल कुर्ता पाण्यात जड होऊन हातापायात गुंततो. घरून कोणी कपड्यांवर बोललं तर हेच कारण त्यांना सांगावं.